जगप्रदक्षिणेला नाही निघालो, ताई

साउदॅम्प्टन
रविवार, दुपार

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू एका दमात चार प्रश्न विचारलेस आणि मी तोंड उघडायच्या आत "ठेवते गं, आईला उठवायचंय" म्हणून फोन ठेवलासही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदावर तरी देशील.

आधी अफवेचा निकाल लावते. आम्ही घर विकत नाही आहोत. बोटीवर राहायला जात नाही आहोत. जगप्रदक्षिणेला तर मुळीच निघालेलो नाही. माझा सुकाणू धरलेला फोटो पाहून तुझ्या सुनेने ग्रुपवर जे लिहिलं आणि भाऊजींनी त्यात जी भर घातली, त्यातला फोटो तेवढा खरा आहे. बाकी सगळं भाऊजी. त्यांना सांग, इथून निघून केप हॉर्नला वळसा घालायचा तर आधी मला गुडघा बदलून घ्यावा लागेल.

आता "हे खूळ कुणाचं?" खूळ माझं. तुला वाटतंय तसं यांचं नाही.

हे गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाले, आणि मी अजून प्रयोगशाळेतच आहे, येत्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. म्हणजे तो अख्खा हिवाळा हे घरात एकटे. पहिले काही आठवडे बरे गेले. मग एके दिवशी घरी आले तर स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या. आत काय आहे, कधी भरलं. जन्मभर पुलांचे आराखडे केलेला माणूस, त्याला हाताला काम नसलं की असं होतं. पुढच्या आठवड्यात कपडे वाळत घालण्याची माझी पद्धत कशी सुधारता येईल यावर चर्चा झाली. मी हसले, पण रात्री जागी राहिले. उद्या मीही निवृत्त झाले की आम्ही दोघं या घरात चोवीस तास. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही सलग एवढा वेळ कधी एकत्र काढलेलाच नाही गं. सकाळी दोघं दोन दिशांना, संध्याकाळी दमून भागून परत, शनिवार-रविवार लेकीचे. भांडायलासुद्धा वेळ ठरवून घ्यावा लागायचा.

त्याच सुमाराला प्रयोगशाळेतली एक सहकारीण म्हणाली, संध्याकाळी आमच्या बोटीवर या. हँबल नदी आमच्यापासून जवळच, तिच्या दोन्ही काठांना शिडाच्या बोटी बांधून ठेवलेल्या असतात, दाटीवाटीने. नदीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या नवऱ्याने इंजिन बंद केलं, शीड ताणलं आणि टिलर माझ्या हातात दिला. टिलर म्हणजे सुकाणूचा लाकडी दांडा. हातात धरला की पाण्याचा दाब थेट तळव्याला कळतो. डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे डोक्याला पटायला वेळ लागतो, पण हाताला लवकर पटतं. घरी येताना मी यांना म्हटलं, मला हे शिकायचंय. हे म्हणाले, बरण्या झाल्याच आहेत, चल.

तुझा दुसरा प्रश्न, "तुला पोहता तरी धड येतं का?" बेताचंच येतं, तुला माहीत आहे. पण पोहण्याचा मुद्दा इथे दुय्यम आहे. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही सतरा-अठरा अंशांच्या फारसं वर जात नाही. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, धाप लागते, आणि पट्टीचा पोहणाराही त्या धापेत पाणी गिळतो. म्हणून इथले लाइफबोटवाले सांगतात की पडलात तर आधी पोहू नका, उताणे तरंगा, धाप ओसरू द्या. (ही लाइफबोटीची संस्था १८२४ सालापासून आहे, देणग्यांवर चालते, आणि मध्यरात्री वादळात समुद्रावर जाणारे तिचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. आम्हीही दरमहा देणगी सुरू केली आहे. स्वार्थ म्हण हवं तर.)

आणि मुळात पडायचंच नाही. लाइफजॅकेट घातल्याशिवाय मी डेकवर पाऊल ठेवत नाही. तुझ्या डोळ्यांसमोर येतं तसं ते जाडजूड नारिंगी बोचकं नसतं. खांद्यावरून गळ्याभोवती रुंद पट्टा असतो एवढंच. पाण्यात पडलं की आतला गॅस सुटून ते आपोआप फुगतं आणि तोंड वर राहील असं उताणं करतं. दोन मांड्यांमधून एक पट्टा घ्यावा लागतो. दिसायला फार वाईट दिसतो, त्यामुळे पुष्कळ लोक टाळतात. तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून नाकातोंडाशी येतं. मी टाळत नाही, फोटोत दिसलं तरी चालेल. वारा वाढला किंवा अंधार पडला की जॅकेटला एक आखूड दोर लावून तो डेकवर लांबीभर ताणलेल्या पट्टीला अडकवायचा. आता झाली खात्री?

भाऊजींना एक गंमत सांग. इथे हौसेखातर आपली लहान बोट चालवायला कायद्याने कुठलाच परवाना लागत नाही. गाडीला लागतो, बोटीला नाही. तरी शहाणी माणसं शिकूनच जातात. रॉयल यॉटिंग असोसिएशनने पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी कॉम्पिटंट क्रू, म्हणजे सांगितलेलं काम नीट करणारा खलाशी, आणि मग डे स्किपर, म्हणजे दिवसाउजेडी ओळखीच्या पाण्यात बोट नेऊन सुखरूप परत आणणारा. पहिली पायरी गेल्या उन्हाळ्यात, पाच दिवस बोटीवरच राहून. हिवाळ्यात संध्याकाळचे वर्ग, नकाशे, भरती-ओहोटी, हवामान, नियम. आणि डे स्किपर या वसंतात. दोघांनीही केलं. पास दोघंही झालो. यांना माझ्यापेक्षा जास्त शाबासकी मिळाली ती नकाशाच्या टेबलावर आणि मला सुकाणूवर, हे नमूद करून ठेवते.

नकाशा आणि भरती-ओहोटी हा तर यांच्यासाठी खजिनाच निघाला. आमच्या दारातला समुद्र म्हणजे सॉलेंट, किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधली चिंचोळी पट्टी. इथे भरती आली की लगेच उतरत नाही. साउदॅम्प्टनला पाणी चढतं, जरासं उतरल्यासारखं करतं आणि पुन्हा चढतं. एका भरतीला दोन माथे. किनाऱ्यावर कुणालाही विचार, तो सांगणार की बेटाला दोन टोकं आहेत, एकीकडून एक भरती येते आणि दुसरीकडून दुसरी. यांनी दोन-तीन पुस्तकं उलटसुलट वाचून शोधून काढलं की हे खरं कारण नाही. इंग्लिश खाडीत पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हेलकावतं, आणि आम्ही त्या हेलकाव्याच्या मधल्या भागात आहोत, जिथे मुख्य भरती तुलनेने लहान असते. उथळ पाण्यामुळे तयार होणाऱ्या, दिवसातून चार वेळा येणाऱ्या छोट्या लाटा एरवी झाकल्या जातात, त्या इथे वर डोकावतात. तेव्हापासून कुणी बेटाची गोष्ट सांगितली की यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी टेबलाखालून पाय दाबते.

पण हे ज्ञान नुसतं मिरवायचं नाही बरं का. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला त्याच्या निम्मं. बेटाच्या पश्चिम टोकासमोर, अलीकडच्या किनाऱ्यावर हर्स्टचा किल्ला आहे, आठव्या हेन्रीने बांधलेला. त्याच्या पायथ्याशी समुद्र इतका अरुंद होतो की उधाणाच्या वेळी प्रवाह ताशी चार सागरी मैलांच्याही वर जातो. आमची बोट शिडावर रमतगमत पाच मैलांनी चालते. प्रवाह उलटा असेल तर तासभर शीड फुगलेलं, बोटीपुढे फेस, आणि किल्ला जागच्या जागी! वेळ साधली तर तोच प्रवाह फुकटात पलीकडे नेऊन सोडतो. त्यामुळे निघायची वेळ आमच्या मनावर नसते. कधी पहाटे पाचला उठावं लागतं, कधी दुपारी तीनपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. बसून राहायला शिकणं यांना जास्त कठीण गेलं.

मोठ्या जहाजांची भीती तुला वाटते तशी मलाही वाटायची. साउदॅम्प्टन हे बडं बंदर आहे. कंटेनरची जहाजं, मोटारी वाहून नेणारी जहाजं, दहा-बारा मजली प्रवासी जहाजं दिवसभर येत-जात असतात. शिडाच्या बोटीला इंजिनवाल्याने वाट द्यावी हा समुद्रावरचा सर्वसाधारण नियम. पण अरुंद खाडीत आपण त्यांच्या आड यायचं नाही, हाही नियमच. इथल्या बंदराने तर रेघच आखून दिली आहे. दीडशे मीटरहून लांब जहाजाच्या पुढे एक हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर या पट्ट्यात शिरायचं नाही, म्हणजे नाही. ही जहाजं वळणावर येतात तेव्हा क्षणभर वाटतं, सरळ आपल्याच अंगावर आली. ती कुठे वळणार ते आधीच माहीत असतं, रेडिओवरही ऐकू येतं, तरी पोटात गोळा येतो. येऊ दे. ज्याला गोळा येत नाही त्याच्या बोटीवर मी बसणार नाही.

त्या वळणाच्या मधोमध ब्रॅंबल बँक नावाची वाळूची पुळण आहे, एरवी पाण्याखाली. वर्षातून एखाद्या मोठ्या उधाणाच्या ओहोटीला ती तासाभरासाठी उघडी पडते, आणि तेवढ्या वेळात दोन यॉट क्लबांचे लोक तिथे जाऊन क्रिकेट खेळतात. भर समुद्रात! पांढरे कपडे, घोट्याइतकं पाणी. कोण जिंकणार हे आळीपाळीने आधीच ठरलेलं असतं. भाऊजींना हे फोनवर सांगितलं तर थाप वाटेल, म्हणून लिहून पाठवते आहे. २०१५ च्या जानेवारीत मोटारींनी भरलेलं एक भलंमोठं जहाज कलायला लागलं, आणि त्याच पुळणीवर जाऊन रुतलं. तेव्हा सांगितलं गेलं की बुडू नये म्हणून मुद्दाम चढवलं, पण चौकशीत निघालं की सुकाणू आणि इंजिन निकामी होऊन ते वाहत गेलं होतं.

बोट कलते तेव्हा उलटत कशी नाही, हे आईने विचारलं म्हणालीस. तिला असं सांग. बोटीच्या पोटाखाली खोल पात्यासारखा एक भाग असतो, कील म्हणतात. त्यात लोखंड किंवा शिसं भरलेलं असतं, आणि आम्ही चालवतो तशा बोटीच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा त्या एका कीलमध्येच असतो. वारा बोटीला जितकं आडवं पाडायला जातो तितकं ते वजन तिला सरळ करायला ओढतं. शिवाय बोट कलली की शिडातून वारा निसटायला लागतो, जोर आपोआप कमी होतो. कील आणखी एक काम करते. वारा बोटीला आडवं ढकलू पाहतो, कील आडवं सरकू देत नाही, आणि चिमटीत दाबलेला ओला चिंचोका पुढे सटकावा तशी बोट पुढे निघते. म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेलाही जाता येतं, मात्र थेट नाही. वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे, नागमोडी. अंतर वाढतं, वेळ वाढतो, चहा सांडतो, पण पोचतो.

आता मुख्य गोष्ट. अगं, आमच्या घरात वाक्यं पूर्ण होत नाहीत. "ते तिथलं आणलंस का?" "कुठलं?" "ते गं." आणि मी आणलेलं असतं. इतक्या वर्षांत एवढं चालून जातं. बोटीवर चालत नाही. शिकवायला जी मुलगी होती, आपल्या लेकींपेक्षाही लहान, ती पहिल्याच दिवशी यांना म्हणाली, "'ते' म्हणजे कुठला दोर? 'जरा' म्हणजे किती?" प्रत्येक दोराला नाव आहे. सांगणाऱ्याने नाव घेऊन सांगायचं, करणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं आणि झाल्यावर झालं म्हणून सांगायचं. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घ्यायच्या आधी सुकाणूवरचा विचारतो, तयार? दोरावरचा बघतो, दोर विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या चक्रावर, आहे का, बोटं मोकळी आहेत का, आणि मगच म्हणतो, तयार. तो म्हणेपर्यंत वळायचं नाही. शीड सरकतं तेव्हा त्याच्या खालचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून इतक्या झपाट्याने फिरतो, की न विचारता वळणाऱ्याला मी पुन्हा सुकाणू देणार नाही, मग तो नवरा का असेना.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच स्किपर. आम्ही वाटून घेतलंय, आज तुम्ही, उद्या मी. सकाळी वहीत नाव लिहायचं, त्या दिवशी शेवटचा शब्द त्याचा. सल्ला द्यावा, वाद नाही. घरात मला हे कधी जमलं नसतं. यांनाही नाही. माझ्या पाळीला हे विचारतात, "स्किपर, रीफ घ्यायचा का?" म्हणजे वारा वाढतोय, शीड थोडं गुंडाळून लहान करायचं का. मी म्हणते, "घ्या." यांच्या पाळीला मी विचारते, आणि हे आकाशाकडे बघतात, वाऱ्याचा आकडा बघतात, नकाशा बघतात, पुन्हा आकाश. तोवर मी दातओठ खात उभी. यांचा निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो, हे आणखीच त्रासाचं.

मागच्या शनिवारी ब्यूली नदीत बॉय पकडायचा होता, म्हणजे तळाला नांगरलेला, पाण्यावर तरंगणारा गोळा. बोट त्याला बांधायची. स्किपर मी. गंमत अशी की शेवटच्या चार-पाच मीटरला गोळा बोटीच्या नाकाखाली जातो आणि मागे सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला दिसेनासा होतो. हे पुढे हूक घेऊन पोटावर आडवे झालेले. मी बोट प्रवाहाविरुद्ध हळूहळू नेत होते. यांनी मागे न बघता हात लांब केला, तर्जनी गोळ्याकडे रोखलेली. मी त्या हाताकडे बघत होते. हात जरा डावीकडे गेला, मी डावीकडे. हात खाली, मी वेग कमी केला. मग चिखलाने बरबटलेला ओला दोर वर आला, क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर, आठाचे वळसे पडले आणि यांनी मूठ वर केली. म्हणजे बांधलं. नंतर सगळा चिखल यांच्या शर्टावर आणि यांच्या तोंडावर असं समाधान की जणू नवा पूल वाहतुकीला खुला केला.

तुला वाटेल, ही फक्त गोड बाजू सांगतेय. तर घे. संडास कपाटाएवढा, हाताने पंप मारून पाणी आत घ्यायचं, पंप मारून बाहेर काढायचं, आणि झडप बंद करायला विसरायचं नाही. झोपायची जागा पायाकडे निमुळती होत जाते, कूस बदलायची तर आधी बेत करावा लागतो. गॅस हवेहून जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून चहा झाला की दर वेळी बाहेर जाऊन सिलिंडरपाशी बंद करायचा, पाऊस असला तरी. वारा पाचच्या वर, म्हणजे बोफर्टच्या मापाने, गेला की आम्ही बंदरातच बसतो आणि मग तो इवलासा डबा आणखी इवला होतो. माझे मनगटाचे सांधे विंच फिरवून दुखतात. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, तरी नकाशा वाचताना पाण्याचे थेंब काचेवर. आणि पहिल्या थंडीत मी यांना म्हटलं होतं, सुज्ञ लोक निवृत्तीनंतर बाग करतात.

लेक सुरुवातीला तुझ्याच पक्षात होती. "आई, तू?" तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर ती नातवाला घेऊन आली. पाच वर्षांचा माणूस, त्याच्या मापाचं जॅकेट घालून मध्ये बसलेला. त्याला मी वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या बॉयांचा नियम सांगितला. बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकेत नेमकं उलट असतं, हेही सांगितलं. परतीच्या वाटेवर हे जरा गप्पांत रमले, तर तो मोठ्याने ओरडला, "आजोबा, हिरवा चुकीच्या बाजूला येतोय!" हिरवा बराच लांब होता, पण मुद्दा बरोबर. लेक काही बोलली नाही. पुढच्या वेळी कधी जायचं, ते मात्र तिनेच विचारलं.

आणि "या वयात?" हा तुझा शेवटचा प्रश्न. वयाचं म्हणशील तर इथे यादी मोठी आहे. फ्रान्सिस चिचेस्टर १९६७ साली एकट्याने जगप्रदक्षिणा करून परतले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. जीन सॉक्रेटिस नावाच्या बाईंनी २०१९ साली कुठेही न थांबता, एकटीने प्रदक्षिणा पुरी केली तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्या शिडाकडे वळल्या त्याच मुळी पन्नाशीच्या तोंडाशी. जपानचे केनिची होरिए २०२२ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, एकट्याने पॅसिफिक पार करून घरी गेले. पण ताई, हे दाखले मला उगाच वाटतात. ही माणसं वेगळ्या मातीची. मला साठीला विक्रम करायचा नाही, समोरच्या बेटावरच्या यार्मथला जाऊन यायचंय. तरी भाऊजींना एक सांग, त्यांना आवडेल. न थांबता एकट्याने जगाला फेरी घालणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. गोल्डन ग्लोब नावाच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोचला हा एकटाच, २२ एप्रिल १९६९ ला. आणि त्याची बत्तीस फुटी सुहेली ही बोट बांधलेली कुठे? मुंबईत, सागवानात! पुढे आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई घेऊन एकट्याने प्रदक्षिणा करून आले, तसं करणारे पहिले भारतीय. तयारीच्या काळात ते याच नॉक्स-जॉन्स्टनकडे येऊन शिकून गेले होते.

आता घरची गोष्ट, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

यांना बोट विकत घ्यायचीय. वापरलेली, तीस फुटांच्या आतबाहेर, दोघांना पेलेल अशी. रोज संध्याकाळी जाहिराती बघतात. मी नाही म्हटलंय. पैशांमुळे नाही, जमलं असतं. पण बोट आपली झाली की हिवाळाही तिचाच होतो. पाण्याबाहेर काढायची, तळ खरवडायचा, शेवाळ-शंख धरू नयेत म्हणून रंग द्यायचा, डोलकाठीचे तारदोर तपासायचे, इंजिनात पाणी गोठू नये म्हणून बघायचं, आणि वादळ झालं की रात्री उठून आधी तिची काळजी. त्यापेक्षा क्लबच्या बोटी आहेत, एप्रिल ते ऑक्टोबर आधी सांगून घेता येतात. ऑक्टोबर संपला की किल्ली परत. यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग भागीदारीचा पर्याय काढला, चौघांत एक बोट. त्यालाही मी या वर्षी नाहीच म्हटलं. पुढचं पुढे बघू.

हिवाळा मला मोकळा हवा, तो आईसाठी. आणि तुझ्यासाठी. गेली कित्येक वर्षं आईचं सगळं तू एकटीने ओढतेयस, आणि मी इथून फोनवर विचारते, औषधं वेळेवर घेते ना? तू कधी बोलत नाहीस, पण "ठेवते गं, आईला उठवायचंय" यात मला ऐकू येतं. नोकरीत रजा तीन आठवड्यांची, त्यातला एक पाहुण्यांसारखा जातो. आता ते संपलं. ऑक्टोबरअखेर माझा शेवटचा दिवस. नोव्हेंबरच्या मध्यात मी येते आणि मार्चपर्यंत राहते. हे जानेवारीत येतील. पाहुणी म्हणून नाही येत, पाळी घ्यायला येतेय. रात्रीचं उठणं माझ्याकडे, दवाखाना माझ्याकडे, तिचं चिडणंही माझ्याकडे. तुम्ही दोघांनी त्या दिवसांत कुठेतरी जा. भाऊजी नुसतेच नकाशे बघत असतात, त्यांना खरोखर ने कुठेतरी. आणि दरवर्षी असंच. उन्हाळा इथे, हिवाळा तिथे.

मात्र आल्यावर पहिल्या दिवशीच आपण बसून नीट वाटून घेऊ. कुठल्या गोळ्या कधी, डॉक्टर कुठले, कोणती बाई कधी येते, आईला कशाचा राग येतो. "ते नेहमीचं" असं लिहिलंस तर मी परत विचारेन. आणि माझ्या पाळीत तू दारातून "असं नको, तसं कर" म्हणायचं नाहीस. सल्ला दे, पण शेवटचा शब्द त्या महिन्यांत माझा. तुला हे जड जाईल, मला माहीत आहे. तुझ्या पाळीत मीही बोलणार नाही. बघू कुणाला जास्त जड जातं.

उन्हाळ्यात तुम्ही इकडे यायचं असेल तर आईची सोय काय करता येईल, यावर लेकीशी बोलतेय. ती म्हणते, एका वर्षी मीच सुट्टी घेऊन आजीकडे राहते. तिचं बोलणं मनावर घे, ती गंमत करत नव्हती. तू आलीस तर तुला डेकवर मध्ये बसवू. तुला पित्ताचा त्रास, तर आदल्या रात्री नीट झोप, उपाशी राहू नकोस, आत डब्यात जाऊ नकोस आणि नजर क्षितिजावर ठेव. सुकाणू हातात असलेल्याला सहसा बोट लागत नाही, त्यामुळे कदाचित तोच तुझ्या हातात देऊ.

तिकिटं याच महिन्यात काढायला हवीत, नंतर मिळत नाहीत. तेव्हा तुम्ही कधी जाऊ इच्छिता त्या तारखा या आठवड्यात कळव, "बघू" असं नको. आईच्या औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट फोटो काढून पाठव. भाऊजींना नमस्कार, सुनेला सांग पुढचा फोटो आधी मला दाखवायचा. आईला सांग, मी येतेय आणि या वेळी परत कधी जाणार हे विचारायचं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. हे विचारतायत, चिचेस्टर आणि नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबद्दल भाऊजींशी बोलायला रविवारी सकाळी फोन केला तर चालेल का. भाऊजींना वेळ असेल तरच हो म्हण, हे सुरू झाले की तासभर थांबत नाहीत.